फ्रेंच प्रेस कॉफी : कॅफेमधील तयारी आणि सर्व्हिस

मागील घटकात आपण एस्प्रेसो यंत्र आणि त्यावर तयार होणारी पेये पाहिली. या घटकात यंत्र नाही, वीज नाही, कागदी गाळणीही नाही. काचेचे एक उभे भांडे, त्यात वरखाली होणारा दांडा आणि दांड्याच्या टोकाला बसवलेली बारीक जाळी, एवढेच फ्रेंच प्रेसचे साहित्य आहे. उपकरण इतके साधे असल्यामुळे कॅफेत त्याकडे दुर्लक्ष होते, आणि मेन्यूवर सर्वांत जास्त बिघडलेली कॉफी बहुधा हीच असते. ती का बिघडते, याचे मुख्य कारण सर्व्हिसमध्ये आहे. इतर सर्व पेये काउंटरवर पूर्ण तयार होऊन टेबलावर जातात. फ्रेंच प्रेस मात्र अर्धवट तयार अवस्थेत पाहुण्याच्या पुढे ठेवली जाते. शेवटची कृती कोणी करायची, कधी करायची, हे ठरलेले नसेल तर चांगल्या बियांचे आणि पाहुण्याच्या पैशांचे दोन्हींचे नुकसान होते.

थोडा इतिहास

नावात फ्रेंच असले तरी या भांड्याच्या जडणघडणीत इटालियन लोकांचा वाटा मोठा आहे. दांड्याला गाळणी लावून ती कॉफीतून खाली दाबायची, या कल्पनेचे पेटंट पॅरिसमध्ये मेयर आणि देलफोर्ज या दोघांनी १८५२ मध्ये घेतले. पण त्या काळी भांड्याच्या भिंतीला घट्ट चिकटून सरकेल अशी गाळणी बनवणे अवघड होते. १९२९ मध्ये मिलानमधील आत्तिलिओ कालिमानी आणि जुलिओ मोनेता यांनी गाळणीच्या कडेला स्प्रिंग बसवण्याची युक्ती काढली. आजही प्रेस उघडून पाहिली तर जाळीभोवती तारेची वेटोळी दिसतात, ती याच युक्तीची पुढची पायरी. पुढे १९५८ मध्ये फालिएरो बोंदानिनी यांनी सुधारित रचनेचे पेटंट घेतले आणि ते भांडे फ्रान्समध्ये तयार होऊ लागले. गंमत म्हणजे तो कारखाना मूळचा क्लॅरिनेट बनवणारा होता. त्यानंतर डेन्मार्कच्या बोडम कंपनीने हे भांडे जगभर पोचवले. ब्रिटनमध्ये याला काफेतिएर म्हणतात, तर ऑस्ट्रेलियात नुसते प्लंजर. परदेशी पाहुणा यांपैकी कोणतेही नाव घेऊ शकतो, म्हणून ही नावे सर्व्हिसमधल्या माणसाच्या कानावरून गेलेली असावीत.

भिजवण आणि पाझर

दक्षिण भारतीय फिल्टर कॉफी आपल्या परिचयाची आहे. त्यात पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरमध्ये कॉफीची पूड दाबून बसवतात आणि गरम पाणी तिच्यातून थेंबथेंब पाझरत खाली येते. फ्रेंच प्रेसमध्ये पाणी पाझरत नाही. पूड आणि पाणी ठराविक वेळ एकत्र राहतात, म्हणजे कॉफी भिजत पडते. पहिल्या पद्धतीत ताजे पाणी सतत पुडीवरून जात असते, तर दुसऱ्या पद्धतीत तेच पाणी हळूहळू अर्काने भरत जाते आणि जसजसे ते भरते तसतसा निघणाऱ्या अर्काचा वेग मंदावतो. म्हणूनच भिजवणीची पद्धत नवशिक्याला सांभाळून घेते. अर्धा मिनिट इकडेतिकडे झाला तरी कॉफी फुकट जात नाही. एस्प्रेसोमध्ये पाच सेकंदांचा फरकही जिभेला कळतो.

दुसरा फरक जाळीचा आहे. कागदी गाळणी कॉफीतील तेल आणि सूक्ष्म कण अडवते, धातूची जाळी ते सोडते. प्रेसमधली कॉफी तोंडात दाट, किंचित तेलकट आणि भरीव लागते ती यामुळे. कपाच्या तळाशी चिखलासारखा गाळही यामुळेच उरतो. याला दोष म्हणायचे की गुण, हे पिणाऱ्यावर आहे. पण हे या कॉफीचे वैशिष्ट्य असल्याचे वेटरने पाहुण्याला आधी सांगितलेले बरे. न सांगता शेवटच्या घोटाला गाळ तोंडात आला की तक्रार ठरलेली.

दळण, पाणी आणि प्रमाण

दळण जाडसर हवे. किती जाड, तर इडलीच्या रव्याइतके. फिल्टर कॉफीसाठी दुकानात मिळणारी पूड यासाठी फार बारीक असते, ती जाळीत अडकते आणि दांडा खाली जात नाही. शिवाय त्या पुडीत बहुतेक वेळा चिकोरी असते. भारतीय नियमांनुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते आणि दोन्हींचे प्रमाण पाकिटावर छापावे लागते. म्हणजे पाकीट वाचल्यावर काय हातात आहे ते कळते. चिकोरी पाण्यात भराभर उतरते आणि प्रेसमध्ये चार मिनिटे भिजली की कॉफीची स्वतःची चव तिच्याखाली दबते. प्रेससाठी बिनचिकोरीची कॉफी वापरावी आणि ती शक्यतो ऑर्डर आल्यावरच दळावी. मुंबई, कोकण, गोवा किंवा केरळच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात दळलेली कॉफी उघडी राहिली तर तिचा सुवास एका दिवसातच मंद झालेला जाणवतो.

बियांची निवड हा स्वतंत्र विषय आहे, पण एक नोंद येथेच करू. मलबार किनाऱ्यावर पावसाळी दमट वारे लागू देऊन तयार होणारी मॉन्सून्ड मलबार कॉफी फुगलेली, फिकट पिवळसर आणि आंबटपणा कमी झालेली असते. तिचा दाटपणा प्रेसमध्ये चांगला उतरतो. परदेशी पाहुण्याला भारतीय कॉफीची ओळख करून द्यायची असेल तर मेन्यूवर ती असणे उपयोगी ठरते. याउलट फुलासारखा हलका सुवास असलेली, सौम्य भाजलेली अरेबिका माझ्या मते कागदी गाळणीतूनच अधिक खुलते. प्रेसमधल्या तेलकटपणात तिचा नाजूकपणा हरवतो.

प्रमाण एका लिटर पाण्याला साधारण ६० ग्रॅम. हे लक्षात ठेवायला सोपे आहे, १०० मिलिलिटरला ६ ग्रॅम. पाहुणा दूध घालून पिणार असेल तर हेच प्रमाण ७५ ग्रॅमपर्यंत वाढवावे, नाहीतर दूध घातल्यावर पाण्याची चव येते. ऑर्डर घेतानाच 'दुधाबरोबर घेणार की काळी?' हा प्रश्न विचारायचा तो यासाठी. पूड चमच्याने न मोजता वजनकाट्यावर मोजावी. गडद भाजलेल्या बिया हलक्या आणि फुगीर असतात, सौम्य भाजलेल्या जड असतात, त्यामुळे तोच चमचा दोन वेगळी वजने देतो.

पाण्याचे तापमान ९२ ते ९६ अंश सेल्सिअस हवे, असे पुस्तकात लिहिलेले असते. त्यावरून 'पाणी उकळल्यावर अर्धा मिनिट थांबा' असा नियम सरसकट शिकवला जातो. मुंबई, चेन्नई किंवा पणजीत तो बरोबर आहे. पण समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर वर गेले की पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. महाबळेश्वरला किंवा मडिकेरीला पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळते. तेथे थांबायचे कारणच नाही, उकळीचे पाणी थेट ओतावे. उटी आणि शिमल्याला ते ९२-९३ अंशांवर उकळते. लेहमध्ये तर ८८ च्या आसपास, म्हणजे पुस्तकातले तापमान तेथे उघड्या भांड्यात मिळूच शकत नाही. अशा ठिकाणी दळण थोडे बारीक करून आणि भिजवण एक-दोन मिनिटांनी वाढवून तूट भरून काढावी लागते. थंड हवेच्या ठिकाणी कॅफे आणि होमस्टे वाढत आहेत, आणि तेथे काम करणाऱ्यांनी हा हिशेब स्वतःच्या गावासाठी मांडून ठेवावा.

पाण्याबाबत आणखी एक गोष्ट. आपल्याकडे कॅफेत सर्रास आरओचे पाणी वापरतात. आरओ यंत्र क्षार जवळजवळ संपूर्ण काढून टाकत असेल तर कॉफी पोकळ, कधी नुसती आंबूस लागते, कारण पुडीतून चव ओढून काढण्यात पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा हातभार असतो. स्पेशालिटी कॉफी असोसिएशनच्या प्रमाणानुसार पाण्यातील विरघळलेले क्षार लिटरला १५० मिलिग्रॅमच्या आसपास असणे चांगले आणि ७५ ते २५० ही मर्यादा चालते. बोअरवेलचे पाणी अनेकदा याच्या कितीतरी वर असते आणि कडक आरओचे पाणी खाली. ते मोजण्याचे पेनासारखे मीटर स्वस्तात मिळते, ते कॅफेत असावे.

कृती

भांडे आणि कप आधी गरम पाण्याने तापवून घ्यावेत. गार काचेत ओतताच पाण्याचे काही अंश जातात आणि चार मिनिटांत आणखी जातात. आपला पाहुणा वाफाळत्या चहाला सरावलेला असतो, त्यामुळे 'कॉफी गार आहे' ही प्रेसबद्दलची सर्वांत नेहमीची तक्रार आहे. तिचा बराचसा इलाज कप तापवण्यातच आहे.

तापवण्याचे पाणी फेकून भांड्यात मोजलेली पूड घालावी, भांडे काट्यावर ठेवून सगळी पूड भिजेल असे पाणी ओतावे आणि घड्याळ सुरू करावे. ताज्या भाजलेल्या कॉफीत अडकलेला कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो आणि वर फेसाळ थर जमतो. थर जमलाच नाही तर बिया जुन्या आहेत असे समजावे. झाकण ठेवावे, पण दांडा वरच ओढलेला असावा. चार मिनिटांनी लाकडी चमच्याने वरचा थर हलकेच मोडावा, पूड आपोआप तळाशी बसू लागते. चमचा धातूचा नको. ही काच प्रयोगशाळेतल्या चंचुपात्रासारखी बोरोसिलिकेटची असते. ती उष्णता सोसते, पण धातूचा ओरखडा सोसत नाही, आणि असा ओरखडा पडलेले भांडे पुढे कधीतरी उकळत्या पाण्याने भरलेले असतानाच तडकते.

यानंतर दांडा सावकाश, पंधरा-वीस सेकंद घेत खाली न्यावा. हाताला जाणवणारा विरोध हेच येथे मोजमाप आहे. दांडा लोण्यातून सुरी जावी तसा खाली गेला तर दळण फार जाड आहे. विरोध होत असेल तर जोर मुळीच लावू नये. जोर लावला की जाळीच्या कडेने उकळती कॉफी उसळून हातावर, आणि टेबलावर असेल तर पाहुण्याच्या अंगावर येते. अशा वेळी दांडा बोटभर वर घेऊन पुन्हा हळू दाबावा. तळाच्या चोथ्यापर्यंत पोचल्यावर तो पिळून काढण्याचीही गरज नसते. उलट त्याने गाळ वर उठतो.

अलीकडे अनेक बरिस्ता वेगळी रीत पाळतात. थर मोडल्यावर वरचा फेस दोन चमच्यांनी काढून टाकायचा, आणखी पाच मिनिटे कॉफी निवळू द्यायची, आणि दांडा पृष्ठभागापर्यंतच नेऊन त्याचा केवळ गाळणीसारखा उपयोग करून ओतायचे. ब्रिटनमधील जेम्स हॉफमन यांनी ही रीत लोकप्रिय केली. कप खरोखरच अधिक स्वच्छ येतो, मात्र पाहुण्याला सुमारे दहा मिनिटे वाट पाहावी लागते. सकाळी ऑफिसला जाणाऱ्यांच्या गर्दीत ती चालणार नाही. दुपारी निवांत बसलेल्या टेबलासाठी मात्र मी हीच सुचवेन.

टेबलावर काय घडते

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. बहुसंख्य कॅफेत असे घडते : बरिस्ता पूड आणि पाणी एकत्र करतो, वेटर ट्रे घेऊन जातो, भांडे टेबलावर ठेवतो आणि निघून जातो. पाहुणा पहिल्यांदाच हे भांडे पाहत असेल तर त्याला दोन गोष्टी माहीत नसतात, पाणी कधी ओतले आणि दाबायचे कधी. काही जण लगेच दाबतात, त्यांना पाणचट कॉफी मिळते. काही जण गप्पांत विसरतात, त्यांना कोमट आणि कडू. विचारायला संकोच वाटतो म्हणून दोघेही काही बोलत नाहीत, पैसे देतात, आणि पुढच्या वेळी कॅपुचिनो मागवतात. मेन्यूवर फ्रेंच प्रेस 'चालत नाही' असे मालक म्हणतो, त्यामागे अनेकदा हे कारण असते.

यावर तीन मार्ग आहेत. वाळूचे घड्याळ किंवा टायमर ट्रेमध्ये ठेवणे हा एक. तो दिसायला छान असतो, पण घड्याळ पाणी ओतताना उलटे केलेले असले पाहिजे, टेबलावर पोचल्यावर नव्हे. ट्रे पोचेपर्यंत एक-दीड मिनिट सहज जाते, आणि ही चूक फार ठिकाणी दिसते. दुसरा मार्ग म्हणजे वेटरने परत येऊन स्वतः दाबून ओतून देणे. भांडे ठेवतानाच त्याने म्हणावे, 'मॅडम, ही आत्ताच भिजत घातली आहे. तीन मिनिटांनी मी येऊन ओतून देतो.' आणि तीन मिनिटांनी खरोखर यावे. कर्मचारी पुरेसे असतील तर ही सर्वांत चांगली सर्व्हिस आहे, त्यात पाहुण्याला कृती पाहण्याचा आनंदही मिळतो. तिसरा मार्ग, काउंटरवरच दाबून कॉफी तापवलेल्या सर्व्हरमध्ये किंवा छोट्या थर्मासमध्ये काढून नेणे. यात देखावा नाही, पण दुसरा कप पहिल्यासारखाच लागतो.

दुसऱ्या कपाचा हा मुद्दा महत्त्वाचा आहे. दांडा दाबल्यावर अर्क निघणे मंदावते, थांबत नाही. चोथा तळाशी असला तरी कॉफीतच असतो आणि सूक्ष्म कण तर सगळीकडे तरंगत असतात. एका माणसाने एक लिटरची प्रेस अर्धा तास पुरवून प्यायची ठरवली तर शेवटचा कप तुरट आणि गार असणार. म्हणून मोठ्या प्रेसची ऑर्डर असेल तर दाबल्याबरोबर सर्व कप एकदमच भरावेत. दोनच माणसे असतील आणि उरणार असेल, तर उरलेली कॉफी दुसऱ्या भांड्यात काढून द्यावी.

टेबलावर ठेवताना भांड्याखाली कॉर्क किंवा लाकडाची चकती असावी, ओल्या गार संगमरवरावर गरम काच ठेवू नये. मूठ पाहुण्याच्या उजव्या हाताला यावी. झाकण फिरवून चोच बंद केलेली असावी, त्याने वाफही टिकते आणि चालताना सांडतही नाही. टेबलावर लहान मूल असेल तर प्रेस टेबलावर न नेणे हाच नियम ठेवावा. दूध गरम करून वेगळ्या छोट्या जगमध्ये द्यावे, आणि साखरही वेगळी.

'तीन कपांची' प्रेस

कंपन्या प्रेसचा आकार कपांत सांगतात, आणि तो कप साधारण १२० मिलिलिटरचा असतो. ३५० मिलिलिटरच्या भांड्याला 'तीन कपांचे' म्हणतात, एक लिटरच्या भांड्याला 'आठ कपांचे'. मेन्यूवर हाच आकडा छापला तर पाहुण्याची फसवणूक होते. हिशेब करून पाहा. लहान भांड्यात ३०० मिलिलिटर पाणी आणि १८ ग्रॅम पूड घातली. पूड स्वतःच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणजे ३६ मिलिलिटर गेले. तळाचे गढूळ २५-३० मिलिलिटर ओतायचे नाही. हाती उरले सुमारे २३५, म्हणजे एक मोठा मग, किंवा १५० मिलिलिटरचे दीड कप. ही एका माणसाची कॉफी आहे. एक लिटरच्या भांड्यात ९०० मिलिलिटर पाणी आणि ५४ ग्रॅम पूड घातली तर १०८ मिलिलिटर पुडीत जाते, ५० तळाशी उरते, आणि सुमारे ७४० मिलिलिटर मिळते. ती चार जणांना पुरते. मेन्यूवर 'एकासाठी' आणि 'चौघांसाठी' असेच लिहावे.

याच हिशेबातून किंमतही निघते. समजा बिया १,५०० रुपये किलो आहेत, तर १८ ग्रॅमचे २७ रुपये झाले. दुहेरी एस्प्रेसोलाही साधारण तेवढीच पूड लागते. म्हणजे कच्च्या मालात फरक नाही. फरक आहे तो भांडवलात (एस्प्रेसो यंत्राला लाखांत पैसे पडतात) आणि टेबल अडून राहण्याच्या वेळात. छोट्या जागेत गर्दीच्या वेळी दुसरा मुद्दा भारी पडतो, म्हणून काही कॅफे प्रेस फक्त दुपारी देतात. तसे करणे रास्त आहे.

आरोग्याचा एक मुद्दा

कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल आणि काहवेऑल नावाची द्रव्ये असतात. ती रक्तातील एलडीएल कोलेस्टेरॉल वाढवतात, हे १९९० च्या दशकात नेदरलँड्समधील संशोधनातून स्पष्ट झाले. कागदी गाळणी त्यांना जवळजवळ पूर्ण अडवते, धातूची जाळी अडवत नाही. कधीमधी एखादा कप पिणाऱ्याला यात घाबरण्यासारखे काही नाही. पण रोज चार-पाच कप पिणाऱ्या आणि कोलेस्टेरॉलसाठी औषध घेणाऱ्या पाहुण्याने विचारले, तर त्याला कागदी गाळणीची कॉफी सुचवावी. वेटरने वैद्यकीय सल्ला देऊ नये, पण विचारलेली माहिती दडवूही नये.

स्वच्छता

प्रेसचा खरा त्रास धुण्यात आहे. चोथा सिंकमध्ये टाकला की दोन-चार दिवसांत नळी तुंबते. तो आधी चमच्याने डब्यात काढावा (कुंड्यांच्या खतात तो चालतो) आणि मगच भांडे धुवावे. दांड्याचा खालचा भाग प्रत्येक पाळीनंतर खोलून जाळी, वेटोळ्याची चकती आणि भोके असलेली पट्टी वेगवेगळी घासावी. जाळीच्या घडीत साचलेले तेल खवट होते, आणि मग कितीही महागड्या बिया वापरल्या तरी कॉफीला जुन्या तेलाचा वास येतो. जाळीची कड उसवली असेल तर तेवढीच जाळी बदलता येते, पूर्ण प्रेस टाकून देण्याचे कारण नाही.

प्रात्यक्षिक

एकाच बियांच्या तीन प्रेस तयार करा. एक दोन मिनिटांनी, एक चार मिनिटांनी आणि एक दहा मिनिटांनी दाबा. तिन्हींतून लगेच एकेक कप ओता, आणि प्रत्येकीतील उरलेली कॉफी वीस मिनिटांनी पुन्हा चाखा. सहा नोंदी एकाच कागदावर घ्या. त्यानंतर आपल्या कॅफेत काउंटरपासून सर्वांत दूरच्या टेबलापर्यंत ट्रे घेऊन चालायला किती सेकंद लागतात ते मोजा, आणि वेटरने पाहुण्याला सांगायचे वाक्य त्या आकड्यानुसार लिहून काढा.